नेलिओच्या अकराशे चाळीस ओळी

लास्कानोत कुणाच्या घरी गेलं की दार ठोठावायचं नसतं. फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी एबेर आराम्बुरुने निबिया कामेहोच्या फाटकाशी तीनदा टाळ्या वाजवल्या आणि तिन्ही वेळा एका म्हाताऱ्या कुत्र्याखेरीज कुणी दखल घेतली नाही. कुत्रंही एकदाच भुंकलं, तेही ओळखीचं.

एबेर एक्कावन्न वर्षांचा. उंची सहा फूट, पण उभा राहिला की वाटायचं, कुणीतरी या माणसाची घडी घालायला घेतली आणि मधेच दुसरं काम निघालं. त्याच्या शर्टाच्या खिशात एक कागद होता. काखेत मात्र थर्मास नव्हता. आमच्याकडे माणूस विहिरीत पडला तरी काखेत थर्मास आणि हातात मातेचं, म्हणजे नळीने ओढायच्या कडू चहाचं, भोपळं असतं; पण जुन्या दोस्ताच्या घरी आपला माते घेऊन जाणं म्हणजे आपणच आपल्याला परकं ठरवणं. म्हणून तो थर्मास मुद्दाम घरी ठेवून आला होता.

दोस्त अर्थात घरात नव्हता. तो तीन वर्षांपासून गावाच्या टेकाडावर, स्मशानाच्या दक्षिणेकडच्या भिंतीत, शवपेट्यांच्या कोनाड्यात होता.

एबेरचं गावात दुकान होतं. फोन, संगणक, कधी कुणाचा रेडिओ, असं काय मिळेल ते दुरुस्त करायचं. पण त्याची खरी कमाई (कमाई हा शब्द जपून वापरतोय) म्हणजे त्याने लिहिलेला एक प्रोग्राम. त्याचं नाव त्रांकेरा, म्हणजे गुरांच्या वाड्याचं फाटक. आमच्या देशात प्रत्येक गाईच्या कानात सरकारी बिल्ला असतो आणि बिल्ल्यात चिप. गाय फाटकातून जाताना तिच्या कानाजवळ एक काठी धरायची, काठी आकडा वाचते, आणि त्रांकेरा तो आकडा नीट लिहून सरकारी खात्याला पाठवतो. लास्कानो ते ब्राझीलच्या सीमेपर्यंत चारशे घरांत हा प्रोग्राम होता. वीस गाई, तीस गाई, फार तर साठ, अशी घरं. सगळ्यांना फुकट.

नुसता फुकट नव्हे, उघडा. आतली प्रत्येक ओळ कुणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी. अट एकच: बदलून पुढे दिलात तर तुमचे बदलही तसेच उघडे करून द्यायचे. ज्या कंपनीला ही अट नको असेल तिच्यासाठी एबेरने दुसरा परवाना ठेवला होता, विकतचा. तसं त्याने प्रोग्रामच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. नऊ वर्षांत त्या ठळक अक्षरांना दोन पत्रं आली. एकाने विचारलं होतं, तुम्ही धुलाईयंत्रंही दुरुस्त करता का. दुसरं पत्र त्याच माणसाचं होतं: करत नसाल तर ओळखीत कुणी आहे का.

तिसरं पत्र या सप्टेंबरात आलं. मोन्तेविदेओची एक वजनकाट्यांची कंपनी. तिला आपल्या नव्या गुरांच्या काट्यात त्रांकेरा बसवायचा होता आणि काट्याच्या पोटात काय आहे ते जगाला दाखवायचं नव्हतं. विकतचा परवाना हवा होता. त्या पैशात एबेरला दोन वर्षं दुकान बंद ठेवून फक्त त्रांकेरावर बसता आलं असतं. आणि बसणं भाग होतं, कारण एप्रिलात, आमच्याकडे शरद लागला की, सरकारचे नव्या जातीचे बिल्ले येणार होते, आणि ते जुन्या त्रांकेराला वाचता येणार नव्हते. परवाना विकला गेला नाही तर एबेरला भातगिरणीच्या काट्यावर बारा तासांची पाळी धरावी लागणार होती. दुकानाने आधीच मान टाकली होती. मग चारशे घरांचा त्रांकेरा शरदात आंधळा झाला असता. विकतचा चालला तरच फुकटचा जगणार होता. हे एबेरने गावात पुष्कळांना समजावलं होतं, आणि पुष्कळांनी मान डोलावून विचारलं होतं, म्हणजे आता आम्हाला पैसे पडणार का?

कंपनीची वकील फेर्रान्दोबाई. आवाज गोड, प्रश्न आखूड.

"आराम्बुरु, एक साधी गोष्ट. यातली प्रत्येक ओळ तुमची आहे?"

"माझी. आणि नेलिओची."

"या नेलिओंनी हक्क लिहून दिलेत तुम्हाला?"

"नेलिओ वारला, बाई."

"त्याच्या आधी?"

 त्याच्या आधी काय झालं होतं ते वकीलबाईला सांगण्यासारखं नव्हतं.

नेलिओ कामेहो गुरांचा डॉक्टर. इतका बारीक, की गाव त्याला काडीपैलवान म्हणायचं, आणि गाभण गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तो वासरू ओढायचा तेव्हा लोक गाईची नाही, त्याची काळजी करायचे. प्रोग्राम लिहायला तो एबेरकडूनच शिकला, रविवारी रविवारी. लिहायचा गबाळं. जिथे तिथे गाईंची नावं द्यायचा. पण गावोगावच्या वाड्यांत पडलेल्या जुन्या काठ्या त्याच्याइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. अकरा जातींच्या काठ्या. एक आकडा उलटा बोलायची, एक दोनदा बोलायची, एक तर शून्यच गिळायची. गरीब घरांत याच काठ्या होत्या. नेलिओ शेणात उभा राहून एकेकीची खोड पकडायचा आणि रविवारी ती त्रांकेराला शिकवायचा. अशा अकराशे चाळीस ओळी झाल्या. वजनकाट्यांच्या कंपनीला खरं तर तेवढ्याच हव्या होत्या. बाकीचं तिची पोरंही लिहू शकली असती.

एबेरला हे ठाऊक नव्हतं असं नाही, की दोन परवाने चालवायचे तर मदत करणाऱ्याकडून सही घ्यावी लागते. त्याने कुठेतरी वाचून तसा एक पानाचा कागद छापलाही होता. पण लास्कानोत घोडा शब्दावर विकतात, शेत शब्दावर खंडाने देतात. दोस्तापुढे कागद ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. पाच महिने तो कागद खणात होता. शेवटी एका रविवारी नेलिओच्याच अंगणात, मांस भाजायची तयारी चाललेली असताना, एबेरने धीर करून तो पुढे केला.

"हे काय?" नेलिओ म्हणाला. "घटस्फोट देतोयस होय मला?"

"सही कर रे फक्त. पुढे-मागे विकायची वेळ आली तर..."

"निबिया, ऐकलंस का! हा आराम्बुरु मला विकणार म्हणतोय!"

सगळं अंगण हसलं. लाकडं ओली होती, पेटत नव्हती. नेलिओने कागद चुरगळून त्यांच्याखाली सारला आणि काडी ओढली. "घे, झाली सही," म्हणाला. एबेरही हसला. त्या दिवशीचं मांस, खोटं का बोला, फार सुरेख झालं होतं.

"आता दोनच वाटा," फेर्रान्दोबाई फोनवर म्हणाली. "वारसाची सही आणा. नाहीतर त्यांच्या ओळी काढा आणि ज्याने त्या कधी पाहिल्या नाहीत अशा माणसाकडून नव्या लिहून घ्या. वारस कोण?"

"बायको. एकटीच."

"मग प्रश्नच नाही. ओळखीच्याच असतील ना?"

ओळखीची होती, म्हणून तर तीन वर्षं त्याने तिच्या गल्लीतून जाणं टाळलं होतं.

चौथ्यांदा टाळ्या वाजवाव्यात की परत फिरावं, असा विचार चालला असतानाच निबिया बाहेर आली. बुटकी, रुंद, खेड्यातल्या शाळेत स्वयंपाकीण. ओल्या हातांनीच तिने फाटक उघडलं.

"वाट सापडली म्हणायची," ती म्हणाली.

अंगणात दोन खुर्च्या होत्या. तिने माते भरला, गरम पाणी ओतलं, नळी तोंडात धरली आणि शेवटपर्यंत ओढला. पुन्हा भरला. आता आपल्याकडे देईल म्हणून एबेरचा हात आपोआप थोडा पुढे झाला. तिने तोही स्वतःच प्यायला. एबेरने हात गुडघ्यावर ठेवला.

"बोल."

"एक सही हवी होती, निबिया."

त्याने सांगितलं. शाळेतल्या पोरांना हजारदा भात वाढलेली बाई, तिला भाबडी समजण्याची चूक त्याने केली नाही. पण तिने ज्या गतीने ते पकडलं त्याने तोही चपापला.

"म्हणजे ओढ्यापलीकडच्या फागुन्देसला फुकट आणि कंपनीला विकत. वस्तू तीच."

"तीच."

"फुकट मिळते हे कंपनीला ठाऊक आहे?"

"आहे."

"मग कंपनी खुळी आहे का?"

"फुकट घेतलं तर उघडं करावं लागतं. त्यांना आपलं पोट दाखवायचं नाही, म्हणून पैसे देतात."

"हं. म्हणजे लपवायचे पैसे." तिने पाणी ओतलं. "आणि नेलिओचं काय यात?"

"त्याने मला कधी लिहून दिलं नाही."

"मागितलं होतंस?"

"मागितलं होतं की. त्याने त्याच्यावर मांस भाजलं."

निबिया हसली. एकदाच, नाकातून. "आठवतंय. बरा पेटला होता." मग हात पुढे केला. "आण."

तिने कागद गुडघ्यावर पसरून पहिल्या अक्षरापासून वाचला, शाळेत पिठाच्या पोत्यांची पावती वाचते तसा. मधेच विचारलं, "म्हणजे सही केली की त्याच्या ओळी कंपनीच्या होणार?" नाही, एबेर म्हणाला, उघड्यावर आहेत त्या उघड्यावरच राहणार, कंपनीला फक्त झाकून वापरायची मुभा. आणि चारशे घरं चालू राहतील, फागुन्देस, सोसा बहिणी, सगळे. ती "बरं" म्हणाली. एबेरने पेन दिलं. तिने टोपण काढलं. पेनाचं टोक कागदापासून दोन बोटं वर असताना ती थांबली.

"एक सांग. त्या दिवशी तो सारान्दीवर कशाला गेला होता?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. ऑगस्ट होता, सारान्दी ओढ्याला पूर आला होता, फागुन्देसकडे गाय अडली होती, नेलिओ गाडी घेऊन निघाला, आणि गाडी दुसऱ्या दिवशी विलोच्या झाडांत उलटी सापडली. गाय अडल्याचं पहिल्यांदा कुणी सांगितलं? मयताच्या घरी, शवपेटीशेजारी उभं राहून, एबेरने. कुणी फागुन्देसला विचारलं नाही, आणि फागुन्देस हा असा माणूस, की न विचारता नावसुद्धा सांगत नाही.

फागुन्देसकडे गाय अडलेली नव्हती. फागुन्देसकडे एक जुनी काठी होती, शून्य गिळणारी. तिची वाचनं एबेरला हवी होती, कारण शुक्रवारी तो त्रांकेराची नवी आवृत्ती काढणार होता. तो शुक्रवार कुणी मागितला नव्हता. चारशे घरांत एकही माणूस त्या शुक्रवारची वाट पाहत नव्हता. एबेरने आपल्या मनाशी तारीख ठरवली होती, झालं. मोठ्या शहरातले लोक तारखा ठरवतात, तशी.

आता उत्तर तयार होतं, तीन वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. नुसतं 'गाय' म्हटलं असतं तरी पेन खाली आलं असतं. सोसा बहिणी चालू राहिल्या असत्या. एबेरने कुत्र्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं.

"मी पाठवला होता," तो म्हणाला. "गाय-बिय काही नव्हती. मला काठीची वाचनं हवी होती. तो म्हणाला होता, पाणी उतरलं की जातो. मी म्हटलं, शुक्रवारच्या आत."

निबियाने पेनाला टोपण लावलं. उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काचेची बरणी होती, तांदळाने भरलेली, आणि तांदळात एक फोन उभा खोचलेला.

"पोलिसांनी दिला तेव्हा तांदळात ठेवला. भिजलेल्या फोनला तूच सगळ्या गावाला सांगायचास ना, तांदूळ म्हणून. नवव्या दिवशी लागला." ती बसली. "तुझा आवाज आहे त्यात. 'काडीपैलवाना, शुक्रवार हं. घाबरतोस काय गुडघाभर पाण्याला.' मग हसलायस."

एबेरला ते हसणं आठवत नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"तीन वर्षं. कधी येतोस ते बघत होते."

"आता सांगितलं ना, निबिया."

"सांगितलंस. सहीला आलास तेव्हा."

 मग एबेरने जे विचारायला नको होतं ते विचारलं.

"गाय म्हटलं असतं, तर सही केली असतीस?"

"केली असती. आणि मग ही बरणी आणली असती. म्हटलं असतं, जा, घेऊन जा तुझे पैसे, जन्मभर खा." तिने कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. "खरं बोलून तू तेवढ्यातनं सुटलास. पण सही होणार नाही."

"चारशे घरं आहेत..."

"माझंही त्यातलंच एक. चाळीस गाई आहेत मला. मोजू नकोस माझ्यापुढे." ती पुढे वाकली. "आता माझं ऐक. त्याच्या ओळी काढून टाक. विकतच्यातून नाही, सगळीकडून. त्या फागुन्देसच्या संगणकातूनही. ज्या कामापायी गेला त्या कामावर मला त्याचं नाव नको."

एबेरने मान हलवली. "ते होत नाही."

"वारस मी आहे म्हणालास की आत्ता."

"आहेस. पण फुकट दिलेलं परत घेता येत नाही. परवान्यातच तसं आहे. ज्याच्याकडे गेलं त्याचं झालं. मी पुढच्या आवृत्तीतून काढीन, पण आहे ते राहणार. कुणीही पुन्हा घालू शकतो. मला अडवता येत नाही. तुलाही नाही."

निबियाने ते मनात दोनदा फिरवलेलं दिसलं.

"म्हणजे विकायला माझी सही लागते. आणि परत मागायला माझी सही चालत नाही?"

"नाही चालत."

"कुणी काढला हा नियम?"

"आम्हीच निवडला. असले पाच-सहा होते, त्यातला हा नेलिओला आवडला." एबेरने कागद खिशात ठेवला. "म्हणाला, हा बरा. उद्या आपल्यातला कुणी शहाणा झाला तर दिलेलं परत नको मागायला."

निबियाने हातातल्या मातेकडे पाहिलं. पाणी थंड झालं होतं. तिने ते झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

"फाटक ओढून घे जाताना," ती म्हणाली. "कुत्रं बाहेर जातं."

सोमवारी एबेरने फेर्रान्दोबाईला कळवलं. बाई हळहळली, खरोखरच हळहळली असावी. विचारलं, मी बोलून पाहू का त्यांच्याशी? एबेर म्हणाला, नका. मग दुसरी वाट, ती म्हणाली. आणि तिचं तिलाच कळलं, की दुसऱ्या वाटेसाठी त्या अकरा काठ्यांच्या खोडी ओळखणारा, पण नेलिओच्या ओळी न पाहिलेला माणूस लागतो, आणि असा माणूस या पृथ्वीवर नाही. नाताळाच्या आधी कंपनीने दोन पोरं कामाला ठेवली. त्यांचा काटा फक्त कंपनीची स्वतःची नवी काठी वाचतो. चांगला वाचतो म्हणतात. आमच्याकडे कुणाला परवडला नाही.

मार्चात भाताची कापणी लागली आणि एबेर गिरणीच्या काट्यावर बसू लागला. ट्रक चढतो, आकडा येतो, चिठ्ठी फाडायची, पुढचा. दुकानाच्या फळीवर त्याने 'रविवारी' एवढंच लिहिलं. एप्रिलमध्ये नवे बिल्ले आले. त्रांकेरा जुन्या गाई वाचायचा आणि नवं वासरू आलं की रिकामी जागा दाखवायचा. लोकांनी फोन केले. सोसा बहिणींतली धाकटी तर गिरणीवर येऊन ओरडून गेली: "नऊ वर्षं सवय लावलीस आणि आता हात वर करतोस? फुकट होतं तेच बरं होतं!" फुकट होतंच अजून. उघडंही होतं. कुणीही येऊन दुरुस्त करावं, असं पानावर लिहिलेलंही होतं. कुणी आलं नाही.

जूनमधल्या एका रविवारी निबिया दुकानात आली. टाळ्या न वाजवता, दुकान म्हणून. नेलिओचा जुना संगणक आणि काठी तिने टेबलावर ठेवली.

"वासरं वाचत नाही."

एबेरने संगणक लावला. पडद्यावर फाटकाचं चित्र आलं, खाली दोन नावं. एबेर आराम्बुरु. नेलिओ कामेहो. मग नावं गेली आणि कामाचं पान आलं.

"ते किती वेळ राहतं?" तिने विचारलं.

"चार सेकंद."

"परत लाव."

त्याने बंद करून परत लावलं. ती वाकून बघत राहिली. मग सरळ झाली. "होणार नाही ना दुरुस्त?"

"होईल. सहा-आठ महिने रोज बसलो तर." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, गिरणीच्या कोंड्याने नखं पिवळी झाली होती. "बसता येत नाही."

"खात्याला तीस तारखेच्या आत आकडे द्यायचेत. नऊ वासरं आहेत. मला एकटीला कान धरून वाचणं आणि लिहिणं एकदम जमत नाही."

पुढच्या रविवारी सकाळी एबेर तिच्या वाड्यात उभा होता, घोट्यापर्यंत चिखलात. तो वासराची मान काखेत दाबायचा, कान उलटा करायचा, बिल्ल्यावरचा चिखल अंगठ्याने पुसायचा आणि लांबलचक आकडा मोठ्याने वाचायचा. निबिया कुंपणावर वही टेकवून लिहायची. थर्मास तिच्या शेजारच्या खांबावर होता. प्रत्येक वासरामागे ती एक माते भरायची आणि स्वतःच प्यायची. एबेरने यावेळी हात पुढे केला नाही.

सातव्या वासराने हिसडा दिला. एबेरने घाईत आकडा वाचून टाकला. निबियाची पेन्सिल थांबली. तिने बोटांनी घरं मोजली, पुन्हा मोजली.

"एक शून्य गिळलंस," ती वर न बघता म्हणाली. "परत वाच."

एबेरने वासराचा कान परत धरला.